यू-नळी दाबमापीने दाब कसा मोजावा : तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

वाकवलेली काचेची नळी, तिच्यात थोडा द्रव आणि शेजारी मोजपट्टी एवढ्यावर यू-नळी दाबमापी तयार होतो. उपकरण इतके साधे असूनही प्रयोगवह्यांत निम्मे, दुप्पट किंवा भलत्याच दाबाचे आकडे वारंवार आढळतात. सूत्र बहुतेकांचे बरोबर असते. चूक त्याआधीच, म्हणजे द्रव निवडताना, शून्य तपासताना, पातळी वाचताना किंवा ‘हा दाब कशाच्या तुलनेत आहे’ हा प्रश्न न विचारल्यामुळे झालेली असते. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. मागचा टप्पा तपासल्याशिवाय पुढे गेल्यास चूक कुठे शिरली हे नंतर शोधता येत नाही.

## टप्पा १ : कोणता दाब हवा आहे ते आधी ठरवावे

दाबमापी नेहमी दोन ठिकाणांच्या दाबांतील फरक दाखवतो. एक भुजा वायूच्या भांड्याला जोडलेली आणि दुसरी उघडी असेल, तर मिळणारा आकडा हा भांड्यातील दाब आणि त्या क्षणीचा, त्या जागेचा वातावरणीय दाब यांतील फरक असतो. यालाच गेज दाब म्हणतात. वातावरणीय दाब त्यात मिळवला की निरपेक्ष दाब मिळतो. दोन्ही भुजा एकाच नळमार्गावरील दोन बिंदूंना जोडल्या तर मिळतो तो केवळ त्या दोन बिंदूंमधील दाबफरक, आणि त्यात वातावरणीय दाब मिळवणे ही ढोबळ चूक ठरते.

बॉइलचा किंवा गे-लुसॅकचा नियम वापरायचा असेल, वायूची घनता काढायची असेल, तर निरपेक्ष दाबच घ्यावा लागतो. भांडे फुटेल की टिकेल, पंखा किती दाब निर्माण करतो, गाळणी किती तुंबली आहे अशा प्रश्नांसाठी दाबफरक पुरेसा असतो. वहीत पहिल्या ओळीत ‘गेज’, ‘निरपेक्ष’ किंवा ‘फरक’ यांपैकी एक शब्द लिहून ठेवावा. दाबाच्या आकड्यापुढे नुसते ‘पास्कल’ लिहिलेले असेल तर तो आकडा अर्धवट आहे असे मी समजतो.

## टप्पा २ : द्रवाची निवड

अपेक्षित दाबाचा अंदाज आधी कागदावर मांडावा. पाण्याचा १ मिमी उंचीचा स्तंभ सुमारे ९.८ पास्कल दाखवतो, तर पाऱ्याचा १ मिमी स्तंभ सुमारे १३३ पास्कल. समजा अपेक्षित दाब २.५ किलोपास्कल आहे. पाण्याचा स्तंभ सुमारे २५५ मिमी येईल आणि आरामात वाचता येईल. पाऱ्याचा मात्र जेमतेम १९ मिमी येईल आणि वाचनातील १ मिमीची चूक पाच टक्क्यांहून मोठी ठरेल. उलट ५० किलोपास्कलसाठी पाण्याला पाच मीटरहून उंच नळी लागेल, तेथे पारा ३७५ मिमीत काम भागवतो.

फार थोड्या दाबासाठी, म्हणजे काही दशक पास्कलसाठी, सरळ उभी नळी सोडून तिरकी नळी घ्यावी. क्षितिजाशी १० अंशाच्या कोनात ठेवलेल्या नळीत उभ्या उंचीचा १ मिमी सुमारे ५.८ मिमी लांबीवर पसरतो. या सोयीची किंमत मात्र कोनाच्या अचूकतेने मोजावी लागते : १० अंशाऐवजी प्रत्यक्ष कोन ११ अंश असेल तर दाबात सुमारे दहा टक्क्यांची चूक होते. कोन डोळ्यांनी ठरवू नये, उंची आणि पाया मोजून काढावा.

इशारा : पाऱ्याची वाफ विषारी असते आणि सांडलेला पारा फटींत शिरून महिनोन्‌महिने वाफ सोडत राहतो. पाण्याने किंवा तेलाने काम होत असेल तर पारा घेऊच नये. घेणे अटळ असेल तर उपकरण कडा असलेल्या ताटलीत ठेवावे आणि खोली हवेशीर असावी. पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण आणणाऱ्या मिनामाता करारात पाऱ्याचे दाबमापी टप्प्याटप्प्याने बंद करायच्या उपकरणांच्या यादीत आहेत, हेही लक्षात ठेवावे.

मोजायचा वायू द्रवात विरघळणारा किंवा त्याच्याशी क्रिया करणारा नसावा. अमोनिया पाण्यात झपाट्याने विरघळतो. त्याचा दाब पाण्याच्या नळीने मोजायला गेल्यास स्तंभ स्थिरच होत नाही.

## टप्पा ३ : नळी आणि तिची मांडणी

नळी आतून स्वच्छ आणि तेलकटपणाविरहित असावी. तेलकट काचेवर पाण्याची कड वेडीवाकडी चिकटते आणि प्रत्येक वाचन दोन-तीन मिलिमीटरने इकडेतिकडे होते. साबणाच्या पाण्याने धुऊन, भरपूर साध्या पाण्याने आणि शेवटी ऊर्ध्वपातित पाण्याने खंगाळून नळी उलटी ठेवून वाळवावी.

दोन्ही भुजांचा आतील व्यास सारखा असावा आणि शक्यतो ८ ते १० मिमीपेक्षा कमी नसावा. केशाकर्षणामुळे स्वच्छ काचेच्या ४ मिमी व्यासाच्या नळीत पाणी सुमारे ७ मिमी वर चढते. दोन्ही भुजा सारख्या असतील तर ही चढण दोन्हीकडे सारखीच होऊन वजाबाकीत नाहीशी होते. एक भुजा अरुंद आणि दुसरी रुंद असेल तर मात्र कोणताही दाब नसताना पातळ्यांत फरक दिसू लागतो.

फळी ओळंबा लावून उभी करावी. नळीच्या प्रतलात फळी एका अंशाने कलली आणि भुजांमधील अंतर ५० मिमी असेल, तर पट्टीवरील दोन्ही शून्यांत जवळजवळ ०.९ मिमीचा फरक पडतो. पुढे किंवा मागे कललेल्या फळीत स्तंभ पट्टीवर खऱ्यापेक्षा लांब दिसतो. तो परिणाम लहान असतो, ५ अंशांना साधारण ०.४ टक्के, परंतु तो प्रत्येक वाचनात एकाच दिशेने होत असल्याने सरासरी घेऊनही जात नाही.

## टप्पा ४ : द्रव भरणे आणि शून्य तपासणे

१. पाणी वापरत असाल तर ते उकळून, झाकून, खोलीच्या तापमानाला आणावे. विरघळलेली हवा निघून गेल्याने नंतर बुडबुडे धरत नाहीत. रंगासाठी अगदी थोडा विद्राव्य रंग घालावा.

२. नरसाळ्याला बारीक रबरी नळी लावून ती एका भुजेच्या तळापर्यंत सोडावी आणि द्रव खालून वर भरत न्यावा. वरून ओतल्यास वाकणाशी हवा अडकते.

३. द्रव भुजांच्या निम्म्या उंचीपर्यंत भरावा. दाब दिल्यावर एक पातळी जितकी खाली जाते तितकीच दुसरी वर येते, त्यामुळे दोन्हीकडे जागा लागते. काठोकाठ भरलेल्या नळीतून द्रव बाहेर उडतो आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

४. नळीला बोटाने हलके टिचकावे, वाकणाशी अडकलेला बुडबुडा वर सोडावा.

५. दोन्ही भुजा उघड्या ठेवून दोन मिनिटे थांबावे आणि दोन्ही पातळ्या लिहाव्यात.

तपासणी : दोन्ही पातळ्या अर्ध्या मिलिमीटरच्या आत सारख्या असाव्यात. फरक त्याहून मोठा असेल तर आधी कारण शोधावे : बुडबुडा, कललेली फळी, मळकट काच किंवा असमान व्यास. कारण न शोधता ‘शून्याची दुरुस्ती’ म्हणून तो आकडा वजा करत राहणे धोक्याचे आहे, कारण बुडबुडा मध्येच सुटला की तीच दुरुस्ती नवी चूक बनते.

## टप्पा ५ : जोडणी आणि गळतीची चाचणी

जोडनळी शक्य तितकी आखूड, पण ताणलेली नसावी. ताणलेली रबरी नळी जोडापाशी हळूहळू निसटते. वाहत्या हवेचा स्थितिक दाब (वेगामुळे येणारा दाब सोडून उरणारा) मोजायचा असेल तर भिंतीला पाडलेले छिद्र प्रवाहाला काटकोनात असावे आणि त्याच्या कडेला खरवड राहू नये. नळीचे तोंड प्रवाहाकडे वळलेले राहिले तर वेगामुळे येणारा दाबही त्यात मिसळतो. १० मीटर प्रति सेकंद वेगाच्या हवेसाठी हा वाढीव दाब सुमारे ६० पास्कल, म्हणजे पाण्याच्या ६ मिमी स्तंभाइतका असतो.

गळती तपासण्यासाठी भांड्यात कामाच्या दाबाइतका दाब निर्माण करावा, स्रोताकडील चावी बंद करावी आणि पाच मिनिटे पातळीकडे पाहावे. पातळी सावकाश एकाच दिशेने सरकत असेल तर जोडांवर साबणाचे पाणी लावून फुगे कुठे येतात ते पाहावे.

येथे एक फसगत नेहमी होते. पातळी सरकली म्हणजे गळतीच आहे असे नाही. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या, घट्ट बंद केलेल्या आणि घनफळ न बदलणाऱ्या भांड्यातील हवेचे तापमान केवळ एका अंशाने बदलले तरी तिचा दाब सुमारे ३४५ पास्कलने, म्हणजे पाण्याच्या ३५ मिमी स्तंभाने बदलतो. प्रत्यक्ष दाबमापीत द्रव सरकल्यामुळे हा बदल थोडा कमी दिसतो, परंतु तो दुर्लक्ष करण्याजोगा नक्कीच नसतो. भांडे हाताने धरणे, त्याच्यावर ऊन पडणे, शेजारी दिवा पेटलेला असणे एवढ्यानेही स्तंभ हलतो. हवा नुकतीच दाबून भरली असेल तर ती किंचित तापलेली असते आणि थंड होताना दाब उतरतो. म्हणून दाब दिल्यावर काही मिनिटे थांबावे आणि नंतरच गळतीची चाचणी सुरू करावी.

तपासणी : गळतीमुळे पातळी उतरतच राहते, तापमानामुळे झालेली घट काही वेळाने थांबते.

## टप्पा ६ : दाब देणे

झडप एकदम उघडू नये. अचानक दाब दिल्यास द्रवस्तंभ उसळून बाहेर पडतो, आणि पारा असेल तर तो अपघातच होय. दोन बिंदूंमधील फरक मोजताना दोन्ही भुजांना जोडणारी समतोल झडप आधी उघडी ठेवावी, मग दोन्ही बाजूंच्या झडपा सावकाश उघडाव्यात आणि शेवटी समतोल झडप हळू बंद करावी.

## टप्पा ७ : पातळी वाचणे

सर्वांत जास्त चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून घाई करू नये.

स्तंभ स्थिर झाल्यावरही एखादे मिनिट थांबावे, कारण खाली उतरलेल्या बाजूला काचेला चिकटलेला द्रवाचा पातळ थर सावकाश ओघळून खाली येत असतो. वाचताना डोळा द्रवाच्या पातळीच्या नेमका समोर असावा. वरून पाहिल्यास आकडा एक येतो, खालून पाहिल्यास दुसरा. नळीच्या मागे आरशाची पट्टी लावली तर डोळ्याचे प्रतिबिंब पातळीच्या रेषेवर आले की डोळा योग्य उंचीवर आहे हे कळते. पाण्याचा पृष्ठभाग मध्ये खोलगट असतो, त्याची सर्वांत खालची कड वाचावी. पाऱ्याचा पृष्ठभाग फुगीर असतो, त्याची सर्वांत वरची कड वाचावी. दोन्ही भुजांत कोणती कड वाचायची ते एकदा ठरवून तीच पाळावी.

दोन्ही भुजांच्या पातळ्या वाचाव्यात आणि त्यांची वजाबाकी करावी. एकाच भुजेतील चढ शून्यापासून मोजून तोच सूत्रात घातला तर उत्तर निम्मे येते. चढ दुप्पट करून काम भागवण्याची सवयही मला मान्य नाही, कारण दोन्ही व्यास सारखे आहेत हे त्यात न तपासता गृहीत धरले जाते.

एक उदाहरण घेऊ. शून्याच्या वेळी दोन्ही पातळ्या ३०७ मिमीवर होत्या. दाब दिल्यावर वायूकडील भुजेत १८६ मिमी आणि उघड्या भुजेत ४२८ मिमी असे वाचन मिळाले. फरक २४२ मिमी.

तपासणी : दोन्ही वाचनांची सरासरी काढावी. (१८६ + ४२८) ÷ २ = ३०७, म्हणजे मूळ शून्याइतकीच. सरासरी शून्यापासून हलली असेल तर थोडा द्रव उडाला आहे, भुजांचे व्यास असमान आहेत किंवा वाचनातच चूक आहे. ही तपासणी दहा सेकंदांची आहे आणि तिच्याइतकी उपयोगी दुसरी तपासणी या प्रयोगात नाही.

स्तंभ एकसारखा खाली-वर होत असेल तर जोडनळीवरील चावी किंचित आवळून हेलकावे कमी करावेत. तरीही हलत राहिल्यास सर्वांत वरचे आणि सर्वांत खालचे अशी वाचने घेऊन दोन्ही लिहावीत.

## टप्पा ८ : आकडेमोड

दाबफरक = द्रवाची घनता × गुरुत्व त्वरण × उंचीतील फरक.

उंची मीटरमध्ये, घनता किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये घ्यावी. मिलिमीटर तसेच ठेवल्याने हजारपट चुकलेली उत्तरे अजूनही दिसतात. वरील उदाहरणात पाण्याचे तापमान ३० अंश सेल्सिअस होते असे समजू. त्या तापमानाला पाण्याची घनता ९९५.७ असते, सरसकट लिहिली जाणारी १००० नव्हे.

९९५.७ × ९.८१ × ०.२४२ = २३६४ पास्कल, म्हणजे सुमारे २.३६ किलोपास्कल.

घनता १००० घेतली असती तर उत्तर २३७४ पास्कल आले असते. फरक १० पास्कलचा, म्हणजे सुमारे ०.४ टक्के. प्रत्येक भुजेच्या वाचनात अर्ध्या मिलिमीटरची अनिश्चितता धरली तर ती एकूण १ मिमीपर्यंत जाते, म्हणजे हीदेखील सुमारे १० पास्कलच. तेव्हा उत्तर २.३६ ± ०.०१ किलोपास्कल असे लिहावे, २३६३.८ पास्कल असे लिहिल्याने अचूकता वाढत नाही.

निरपेक्ष दाब हवा असेल तर त्याच वेळी, त्याच जागी वायुदाबमापीवर वाचलेला दाब मिळवावा. तो १००.४० किलोपास्कल असेल तर निरपेक्ष दाब १०२.७६ किलोपास्कल होतो. भांड्यात वातावरणापेक्षा कमी दाब असेल तर वायूकडील पातळी वर चढते. तेथे फरक वजा करावा लागतो.

इशारा : १०१.३२५ किलोपास्कल हा प्रमाण वातावरणीय दाब आहे, तुमच्या खोलीतील दाब नव्हे. हवामानाच्या वृत्तात दिलेला दाब बहुधा समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो, तोही थेट वापरू नये. प्रमाण वातावरणात ५०० मीटर उंचीवर दाब सुमारे ९५.५ किलोपास्कल असतो. म्हणजे तेथे बसून १०१.३ घेतल्यास होणारी चूक, वरच्या उदाहरणात कष्टाने मोजलेल्या दाबाच्या दुपटीहून अधिक आहे.

## टप्पा ९ : जोडनळ्यांत द्रव असेल तर

आतापर्यंतचे सूत्र वायूसाठी आहे. वायूची घनता द्रवाच्या मानाने नगण्य असल्याने जोडनळीतील वायूस्तंभ सोडून देता येतो. पाण्याच्या नळमार्गावरील दोन बिंदूंमध्ये पाऱ्याची यू-नळी जोडली तर तसे करता येत नाही, कारण ज्या भुजेत पारा खाली गेला तेथे त्याची जागा पाण्याने घेतलेली असते. अशा वेळी पाऱ्याच्या घनतेतून पाण्याची घनता वजा करावी. २० अंशांना १३५४६ वजा ९९८, म्हणजे १२५४८ हा आकडा सूत्रात येतो. ही वजाबाकी विसरल्यास उत्तर सुमारे ८ टक्क्यांनी मोठे येते. दोन बिंदू वेगवेगळ्या उंचीवर असतील तर त्या उंचीच्या पाण्याचा दाबही वेगळा हिशेबात धरावा.

जोडनळ्या पाण्याने पूर्ण भरलेल्या असाव्यात. उभ्या जोडनळीत १०० मिमी लांबीचा हवेचा बुडबुडा अडकला तर सुमारे ९८० पास्कलची चूक होते, आणि ती पातळीकडे पाहून ओळखता येत नाही. हवा काढण्याची चावी सर्वांत उंच बिंदूवर असावी.

## काट्याचा गेज वापरायचा असेल तर

काही बारच्या पुढे (१ बार म्हणजे १०० किलोपास्कल) द्रवस्तंभ सोडून काट्याचा बूर्दाँ गेज घ्यावा लागतो. तेथे क्रम तोच, चुका थोड्या वेगळ्या.

गेजची अचूकता पूर्ण पट्टीच्या टक्केवारीत दिलेली असते. ० ते १० बार पट्टीचा १.६ वर्गाचा, म्हणजे पूर्ण पट्टीच्या १.६ टक्के चूक संभवणारा गेज कुठेही ०.१६ बार इतका चुकू शकतो. त्यावर १ बार मोजणे म्हणजे १६ टक्के चूक पत्करणे. नेहमीचा दाब पट्टीच्या मधल्या भागात येईल असा गेज निवडावा. बसवताना पाना खालच्या षट्‌कोनी भागाला लावावा, तबकडी हाताने पिरगाळू नये. वाफेसाठी गेजच्या आधी पाणी भरलेली वळसेदार नळी असावी, म्हणजे गरम वाफ थेट आत पोहोचत नाही. ऑक्सिजनसाठी तेलाचा अंशही नसलेला, त्यासाठीच बनवलेला गेज वापरावा. तेल आणि दाबाखालील ऑक्सिजन एकत्र आल्यास आग लागते.

पाण्याची नळी गेजपर्यंत खाली आणली असेल तर उंचीचा हिशेब करावा. मोजायच्या बिंदूच्या २ मीटर खाली बसवलेला गेज सुमारे ०.२ बार जास्त दाखवतो. वाचण्यापूर्वी काचेवर बोटाने हलके टिचकावे. दाब वाढवत नेताना आणि उतरवत आणताना एकाच दाबाला दोन वाचने घ्यावीत. ती एकसारखी आली नाहीत तर दोन्ही नोंदवावीत.

## टप्पा १० : नोंद आणि उतरवणी

वहीत द्रवाचे नाव, त्याचे तापमान, घेतलेली घनता, दोन्ही भुजांची मूळ वाचने, शून्याची वाचने, वातावरणीय दाब आणि वेळ हे सर्व लिहावे. नुसता फरक लिहिला तर पुढे शंका आल्यावर सरासरीची तपासणी करता येत नाही.

दाब सावकाश उतरवावा. दोन बिंदूंचा फरक मोजत असाल तर प्रथम समतोल झडप उघडावी, मग बाजूच्या झडपा बंद कराव्यात. जोडनळ्या काढून दोन्ही भुजा पुन्हा उघड्या हवेत ठेवाव्यात, दोन मिनिटे थांबावे आणि शून्य परत वाचावे. ते सुरुवातीच्या शून्यापासून १ मिमीपेक्षा जास्त हलले असेल, तर मधली सर्व वाचने बाजूला ठेवून टप्पा ४ पासून मोजणी पुन्हा करावी.